खारबांध

अलिबागच्या खारेपाटात माझे बालपण गेले. तेथील भातशेती मातीच्या बांधावर उभी होती. बांध भरतीला अडवी; ओहोटी लागली की उघाडीतून पावसाचे पाणी खाडीत जाई. उधाणाने बांधाला खांड पडली, की घरटी एक माणूस चिखलात उतरे. पुढे माणसे मुंबईला गेली. त्यांत मीही होतो. अशीच एक खांड पडली, ती बुजवायला कोणी उरले नव्हते. शेतात खारे पाणी शिरले, मागोमाग खारफुटी आली.

काही वर्षांनी वीजप्रकल्पासाठी जमीन पाहणारे आले. त्यांनी आमच्या शेताला ‘पडीक’ म्हटले. मला राग आला. पण ते पडीक कोणी पाडले होते? २००५ साली उच्च न्यायालयाने खारफुटीच्या तोडीस मनाई केली, तेव्हा शेत परत मिळण्याची आशाही संपली. आज तेथे मासे वाढतात, कुर्ल्या सापडतात. तरी भाताचा वास आठवतो.

दिवसाचे काम आटोपून आपण हे पान विजेच्या दिव्याखाली वाचत असाल. ती वीजही कोणाच्या तरी जमिनीवर निर्माण होते. आपल्या गावात ‘पडीक’ म्हणून नोंदलेली जमीन असेल, तर तिथे पूर्वी काय पिकत होते, हे एकदा घरातील वडीलधाऱ्यांना विचारा.