बोटभर उतार

ब्रह्मगिरीच्या कातळात सोनं नाही. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचत गेलेल्या लाव्हाचा हा काळा दगड. गोदावरी त्यातून निघते, त्र्यंबकेश्वरपासून नाशिकपर्यंत त्यालाच घासत येते, आणि तिच्या वाळूत सापडतो तोही त्याचाच चुरा: लोहचुंबकाला चिकटणारे काळे कण, गारगोटीचे तुकडे, क्वचित एखादा अकीक. विदर्भात वैनगंगेच्या खोऱ्यातले खडक याहून कितीतरी जुने. तिकडच्या सोनझारी लोकांना रेती धुऊन सोन्याचे कण मिळत आले. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली मध्य प्रांतातल्या जातीजमातींवर जो चार खंडांचा ग्रंथ काढला, त्यात या लोकांची नोंद आहे. नाशिकच्या गोदावरीला ती देणगी नाही. तरीही नाशकात पिढ्यान्‌पिढ्या सोनं धुतलं जातं, कारण इथलं सोनं डोंगरातून वाहत येत नाही, माणसांच्या हातून सांडतं.

सराफ बाजारातल्या पेढ्यांच्या मागे, माड्यांवर, अंधाऱ्या जिन्यांच्या टोकाला कारखाने आहेत. तिथे दिवसभर कानस चालते, केसासारखी बारीक करवत चालते, पॉलिशचं चाक फिरतं. कारागीर मांडीवर कापड पसरतो, हात धुतो तेही टबातच, संध्याकाळी खोली स्वतः झाडतो. तरी कीस उडतोच. तो केसांत बसतो, चपलेच्या तळव्याला चिकटतो, पायऱ्यांच्या फटीत शिरतो, मोरीतून गटारात जातो. आतला केर कुणी फुकट टाकत नाही. तो साठवून विकला जातो, पायपुसणीसुद्धा जाळून तिची राख धुतात. उंबऱ्याबाहेर गेलेलं मात्र ज्याला वेचता येईल त्याचं. दुकानांची शटरं वर जाण्याआधी फरशीच्या सांध्यांतून ब्रशानं धूळ ओढणारी, गटारातला काळा गाळ घमेल्यात भरणारी माणसं दिसतात, ती झारेकरी. मुसलमानांत हेच काम करणाऱ्यांना धूळधोये म्हणतात. मुंबई इलाख्याच्या जुन्या गॅझेटिअरांतही झारेकऱ्यांचा उल्लेख आहे: सोनारांचा केर आणि स्मशानातली राख धुऊन धातू काढणारे लोक.

माझा हात पत्र्याच्या कामाचा. त्यामुळे माझं लक्ष सोन्याकडे जाण्याआधी त्यांच्या हत्यारांकडे गेलं. एकही वस्तू दुकानातून तशीच्या तशी आणलेली नसते. घमेल्याची कड एका बाजूनं ठोकून बसकी केलेली असते, म्हणजे पाणी तिथूनच निसटावं. तेलाचा डबा उभा कापून त्याची सुपली होते, तिच्या कडा दुमडलेल्या, बोट कापू नये म्हणून. चाळणीचा तळ खिळ्यानं पाडलेल्या भोकांचा, आणि भोकं आतून बाहेर पाडलेली, म्हणजे खरखर खालच्या अंगाला राहते आणि गाळ आत अडकत नाही. मोडक्या लाऊडस्पीकरमधलं गोल चुंबक दोरीला बांधलेलं. या प्रत्येक गोष्टीमागे कुणीतरी खूप वेळ विचार केलेला आहे. तो कागदावर उतरला नाही, एवढंच.

मी ज्यांच्याकडून हे पाहत गेलो त्या मावशींचा हात घमेल्यात चालू झाला की बघत राहावं. बाईमाणसानं सूप हाती घ्यावं आणि दाणा मागे, कोंडा पुढे जावा, तसंच हे; फक्त वाऱ्याच्या जागी पाणी. आधी घमेलं पाण्याखाली धरून त्या ते दोन्ही हातांनी थरथरवतात. त्यात सगळा गाळ सैल होतो आणि जड ते खाली बसत जातं. मग एका बाजूला कललेल्या घमेल्यात पाणी गोल फिरवून वरचा थर कडेवरून सोडून देतात. पुन्हा थरथर, पुन्हा गोल. घाई केली तर सोनं जातं, उगाच चोखंदळपणा केला तर दिवस जातो.

यात पाणी का लागतं हे मला फार दिवसांनी उमजलं, आणि उमजलं तेव्हा केवढा तरी आनंद झाला. सोनं पाण्याच्या १९.३ पट जड, साधी वाळू २.६५ पट. म्हणजे कोरड्यात सोनं वाळूच्या सातपटींहून थोडं जास्त जड भरतं. पण पाण्यात बुडालेली प्रत्येक वस्तू स्वतःएवढ्या आकाराच्या पाण्याच्या वजनानं हलकी होते. मग उरतात १८.३ आणि १.६५, आणि फरक होतो अकरा पट! पाणी गाळाची घाण काढतं, ते तर आहेच. त्याहून मोठं काम म्हणजे ते जड आणि हलकं यांच्यातलं अंतर वाढवतं. मावशींनी हा हिशेब कधी मांडलेला नाही. त्यांच्या मनगटाला तो ठाऊक आहे.

सोन्याचा फार पातळ कण मात्र फसवतो. कानशीचा पापुद्रा असेल, त्याला पॉलिशचं तेल लागलेलं असेल, तर तो जड असूनही पाण्यावर तरंगतो आणि पहिल्याच लाटेबरोबर जातो. परदेशातले हौशी लोक यावर भांडी धुण्याच्या साबणाचा एक थेंब टाकतात. मावशी रिठ्याचं पाणी शिंपडतात. दागिने उजळायला सोनार रिठा वापरतो, तोच. पाण्याच्या पृष्ठभागाचा ताण मोडला की कण बुडतो. शेवटी घमेल्यात काळी रेघ राहते, तीत लोखंडाचा कीस आणि आपल्या कातळातलं चुंबकी खनिज असतं. पिशवीत गुंडाळलेलं चुंबक वरून फिरवलं की काळं चुंबकाला लागतं, पिवळं तळाशी राहतं.

हे पाहिल्यावर मला एक पन्हळ करावीशी वाटली. कल्पना जगभर जुनी आहे. जर्मन पंडित अ‍ॅग्रिकोलाच्या खाणकामावरच्या १५५६ सालच्या ग्रंथात अशा पन्हळींची चित्रं आहेत. जॉर्जियातल्या स्वानेती भागातले डोंगरी लोक ओढ्यात मेंढीची कातडी अंथरत, लोकरीत कण अडकत. १८४८ मध्ये कॅलिफोर्नियात सोनं सापडल्यावर तिथे जमलेल्यांनी पाळण्यासारखी डुलणारी लाकडी पेटी वापरली. तत्त्व सगळीकडे एकच: वाहत्या पाण्याच्या वाटेत अडथळा ठेवायचा. पाणी अडथळ्यावरून उडी मारतं तेव्हा त्याच्यामागे एक लहानसा भोवरा तयार होतो. हलकं त्या भोवऱ्यात उचललं जाऊन पुढे जातं, जड त्याच्या पोटात उतरतं.

माझी पन्हळ जस्ताच्या पत्र्याची, तीन फूट लांब, वीतभर रुंद. तळाला गाडीत घालतात ती रेघांची रबरी चटई, तिच्यावर जाळी, जाळीवर अ‍ॅल्युमिनियमच्या कोनपट्ट्या आडव्या, पाण्याच्या दिशेनं किंचित कललेल्या. सगळं एका चौकटीत, दोन खिट्ट्यांनी दाबून धरलेलं, म्हणजे खिट्ट्या सोडल्या की चटई उचलून बादलीत झटकता यावी. वरच्या तोंडाशी चाळण. ही चाळण म्हणजे शोभा नव्हे. मोठा खडा पुढे ढकलायला जोराचं पाणी लागतं, आणि तेच जोराचं पाणी बारीक सोन्याला घेऊन जातं. गाळ एका मापाचा असला की पाणी हळू ठेवता येतं.

उतार साधारण फुटाला इंचभर, असं सगळीकडे सांगतात. नदीच्या भरड वाळूला ते ठीक. सराफ्यातल्या सोन्याला नाही. इथला कण पिठासारखा, त्याला उतार कमी हवा, पाण्याचा थर पातळ हवा. मावशींनी पन्हळीखाली आपलं बोट आडवं घातलं आणि म्हणाल्या, “एवढं पुरं, दादा.” फुटाला नाही, अख्ख्या पन्हळीला बोटभर. पाणी कूलरच्या पंपानं फिरवलं. पन्हळीतून पडलेलं एका टबात, तिथून निवळून दुसऱ्यात, दुसऱ्यातून पुन्हा वर. सराफ्याचा गाळ शेवटी नदीतच जाऊ नये, ही माझी अट होती, आणि ती मी यापुढेही सोडणार नाही.

पन्हळ काम करते की नाही हे सोन्यावर तपासायचं नसतं. शिशाचे छर्रे हातोडीनं चपटे करायचे, कापून बारीक करायचे, मोजून दहा गाळात मिसळायचे आणि किती परत येतात ते पाहायचं. शिसं ११.३ पट जड, सोन्यापेक्षा बरंच हलकं. ते अडकलं तर सोनं अडकणारच. याच्याआधी चिखल रात्रभर भिजवून हातानं कुस्करावा लागतो. गटारातली चिकणमाती लहान गोळ्यांत सोनं पोटात धरून बसते आणि त्या गोळ्या हलक्या म्हणून पट्ट्यांवरून गडगडत निघून जातात. या कामातला सगळ्यात कंटाळवाणा भाग हाच, आणि निम्मं यश याच्यातच.

यापुढची पायरी मला छळते. उरलेल्या काळ्या रेघेतून सोनं गोळा करायला पारा घालतात, तो सोन्याला धरतो, मग ते गाठोडं तापवलं की पारा उडून जातो. जातो म्हणजे कुठे? ३५७ अंशांना त्याची वाफ होते आणि ती त्याच खोलीत राहते, जिथे चूल आहे, जिथे मूल झोपलेलं आहे. पाऱ्याला आळा घालणारा मिनामाता करार २०१३ मध्ये झाला, भारतानं तो २०१८ मध्ये मान्य केला, आणि जगात हवेत सोडल्या जाणाऱ्या पाऱ्याचा सगळ्यात मोठा स्रोत हीच छोट्या प्रमाणावरची सोनंधुणी आहे. शोऱ्याचं तेजाब वापरतात, त्याचा तांबूस धूर फुप्फुस जाळतो. मी पन्हळ केली, चाळण्या केल्या, पण पाऱ्याची भट्टी करून द्यायला माझा हात कधीच उचलणार नाही. त्यापेक्षा घमेल्यात आणखी दोनदा घोळावं, चुंबक आणखी एकदा फिरवावं, उरलेलं टाकणखार घालून मुशीत वितळवून घ्यावं. सोनं थोडं कमी भरेल. भरू दे.

गोदावरीच्या घाटावर रामकुंड आहे, तिथलं सोनं वेगळं. मरणाऱ्याच्या तोंडात तुळशीपत्राबरोबर सोन्याचा कण ठेवायची आपली रीत. सवाष्णीबरोबर एखादा मणी जातो. बावीस कॅरटचं सोनं हजार अंशांच्या आत वितळतं. चितेच्या गाभ्यात तेवढी आच लागली तर मण्याची गोळी होते, नाहीतर तो मणीच राहतो, आणि तिसऱ्या दिवशी राखेबरोबर मडक्यात येतो. रामकुंडातल्या अस्थिविलय कुंडात अस्थी विरघळतात अशी श्रद्धा आहे, म्हणून कुठकुठून लोक इथे येतात. हाडं विरघळत असतील. सोनं विरघळत नाही. ते गाळात बसतं, २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टात आला तसा पूर आला, नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या अंगावर पाणी चढलं, सराफ बाजारात शिरलं, की बाजाराचं आणि कुंडाचं सोनं नदीत एक होतं.

इथे पोरं दोरीला चुंबक बांधून पाण्यात फेकतात. १९९२ नंतरची रुपयाची नाणी पोलादाची, ती खटकन चिकटतात. जुनी निकेल-तांब्याची नाणी आणि सोनं चुंबकाला ओळखत नाही, त्यासाठी डोळा लागतो. मी एका प्लॅस्टिकच्या डब्याचा तळ कापून तिथे काच चिकटवली. डबा पाण्यावर टेकवला की लाटांची चकाकी मोडते आणि तळ स्वच्छ दिसतो, अर्थात पाणी गढूळ नसेल तेव्हाच. पोरांना तो इतका आवडला की लगेच त्यांनी त्याला आतून काळा रंग फासला, उजेड चुकीचा पडू नये म्हणून. सुधारणा अगदी बरोबर होती.

हे मृतांचं सोनं उचलावं का, असं मला विचारतात. मावशींना मी विचारलं होतं. त्या म्हणाल्या, “ज्यानं दिलं त्यानं नदीला दिलं. नदी मला देते. मी काय तिजोरी फोडते होय?” घोळायला बसण्याआधी त्या पाण्याला हात लावून कपाळाला लावतात. माझ्यापुरता प्रश्न तिथेच मिटला. एखाद्याच्या आईच्या तोंडातला कण दुसऱ्या कुणाच्या पोराच्या वह्या-पुस्तकांना लागला, तर त्यात विटाळ कसला?

आता मावशींसाठी दुसरी पन्हळ चालू आहे. पहिली त्यांनी मन लावून वापरली आणि मग काय हवं ते सांगितलं. लांबी दोनच फूट, म्हणजे डोक्यावर घमेल्यात उभी बसेल. पंप नको, घाटावर वीज कुठली? त्याऐवजी तळाशी नळ लावलेली बादली, आणि ती ठेवायला लोखंडी तिवई. मागच्या पायाला भोकांची पट्टी आणि एक खिळा, उतार जागेवर बदलता यावा म्हणून. कडा गोल दुमडलेल्या. आणि चटई काळी नको, हिरवी, कारण काळ्यावर काळा कीस दिसत नाही आणि त्यांची नजर आता पूर्वीसारखी राहिलेली नाही. पत्रा कापून झालाय. हिरव्या रबराचा तुकडा भंगारात शोधतोय.