वेलीला कात्री लावण्याआधी

आमच्या आसगावात बोलणे निघाले की ते धानावर येते. पवनी तालुक्यातला हा चौरास पट्टा, जिकडे पाहावे तिकडे बांध्याच बांध्या. काकडीला इथे कोणी पीक म्हणत नाही. पावसाळ्यात धुऱ्यावर चार बिया टाकायच्या, नाहीतर घरामागच्या सांदवाडीत कुंपणावर वेल सोडून द्यायची, एवढाच तिचा मान. तिला कात्री लावायची असते हे आम्हा दोघी जावांना 2023 च्या जानेवारीपर्यंत माहीत नव्हते.

त्या वर्षी रमजान 24 मार्चला सुरू झाला. उन्हाळ्याच्या तोंडावर रोजे, म्हणजे इफ्तारीला काकडी घरोघर लागणार. घरामागे तीन गुंठे जागा मोकळी पडली होती आणि विहीर जवळ होती. बारा ओळी, प्रत्येकीत पंचवीस वेली, असा हिशेब आम्ही वहीत मांडला. बियाणे, बांबू, तार आणि सुतळीसाठी बचत गटातून कर्ज घेतले. ते ईदनंतर फेडायचे ठरले. घरातल्या पुरुषांनी ‘करून पाहा’ एवढेच सांगितले. याचा अर्थ नुकसान झाले तर ते आमचे.

लावणीआधी आम्ही नागपूरकडच्या एका नातेवाइकांच्या पॉलिहाऊसमध्ये जाऊन आलो होतो. तिथल्या काकडीच्या वेली पाहून डोळे दिपले. एकेक वेल सुतळीवर सरळ उभी, बाजूला एकही फांदी नाही, आणि जमिनीपासून दीड फूट सोडले की प्रत्येक पेराला एकेक काकडी. ते म्हणाले, “बगलफूट दिसली की काढायची, दया दाखवायची नाही.” आम्ही हे वाक्य घेऊन घरी आलो.

अम्मींना, म्हणजे आमच्या सासूबाईंना, हे मुळीच पटले नाही. त्यांचे माहेर वैनगंगेच्या काठचे. नदीचे पाणी उतरले की रेतीत खड्डे करून, खत घालून ढिवर बांधव डांगरवाड्या लावत. डांगर, टरबूज, काकडी, सगळे रेतीवर पसरलेले. अम्मींनी वेल पाहिली ती तशी, जमिनीवर मोकळी लोळणारी. आम्ही कात्री घेऊन बसलो तेव्हा त्या म्हणाल्या, “बेटा, हिरव्या वेलीला असे का तोडता? ज्याने फुटवा दिला, त्याने काही कामासाठीच दिला असेल.” आम्ही हसलो. शिकलेल्या सुनांनी सासूला हसावे तसे हसलो, हे आता कबूल करायला हरकत नाही.

वेली वाढल्या. तारेपर्यंत पोहोचल्या. पिवळ्या फुलांनी मांडव भरून गेला. येणारी-जाणारी माणसे थांबून म्हणायची, काय फुलोरा आहे! पण फुलामागे काकडी नव्हती. काकडीच्या वेलीवर नर आणि मादी फुले वेगवेगळी येतात. मादी फुलाच्या मागे, देठाशी, बोटाच्या पेराएवढी छोटी काकडी आधीपासूनच असते. नर फुलाचा देठ नुसता बारीक. आम्ही रोज सकाळी एकेक फूल उलटून पाहायचो आणि दहातली नऊ फुले नुसत्या देठाची निघायची.

रमजानचा पहिला अशरा उलटला तरी क्रेट भरेना. दोघींनी एकमेकींशी बोलणेसुद्धा कमी केले. बोललो की दोष कोणाचा हेच निघायचे.

उत्तर सापडले ते बाराव्या ओळीच्या टोकाला. तिथे पाण्याच्या टाकीमागे तीन वेली होत्या, अडचणीत असल्यामुळे कात्रीतून सुटलेल्या. त्यांच्या बगलफुटी हातभर लांब गेल्या होत्या, आणि त्या बाजूच्या फांद्यांवर पहिल्या-दुसऱ्या पेरालाच काकड्या लागल्या होत्या. त्या तीन वेलींवर जेवढ्या काकड्या होत्या, तेवढ्या शेजारच्या अख्ख्या ओळीत नव्हत्या.

नंतर विचारपूस केली तेव्हा गोष्ट साधी निघाली. आम्ही लावली होती ती पुणा खिरा. ही जुनी, उघड्या रानातली जात. हिमांगी आणि फुले शुभांगी या राहुरीच्या कृषी विद्यापीठाच्या जातीही अशाच उघड्यावर लावायच्या. अशा जातींत मुख्य खोडावर नर फुले जास्त येतात आणि मादी फुलांचा भर बाजूच्या फांद्यांवर असतो. त्यात उन्हाचा कडाका आणि मोठा दिवस असला की नर फुले आणखी वाढतात. पॉलिहाऊसमधली जात वेगळी. तिच्यावर जवळजवळ सगळी फुले मादीच येतात, प्रत्येक पेराला येतात, आणि परागीभवन न होताही फळ धरते. म्हणून तिला मधमाशी लागत नाही आणि म्हणूनच तिची बगलफूट काढलेली चालते. नातेवाइकांनी सांगितले ते त्यांच्या वेलीसाठी अगदी बरोबर होते. आम्ही ते दुसऱ्याच वेलीला लावले आणि ज्या फांद्यांवर पीक यायचे त्याच रोज सकाळी नेमाने कापून टाकल्या.

त्या दिवसांत तरावीहनंतर अम्मींनी आम्हाला मदीन्याच्या खजुरांची हदीस सांगितली. सहीह मुस्लिममध्ये ती आहे. मदीन्याचे लोक नर खजुराचा फुलोरा मादी झाडाला लावत. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी ते पाहिले आणि याचा काही उपयोग होत असेल असे वाटत नाही, अशा अर्थाचे बोलले. लोकांनी ते काम सोडले आणि त्या वर्षी पीक घटले. तेव्हा आपल्या दुनियेच्या कामांची माहिती तुम्हालाच अधिक, असा खुलासा प्रेषितांनी (स.) केला. आम्ही ही हदीस आधीही ऐकली होती. पण नर-मादी फुले रोज उलटून पाहिल्यावर ती ऐकणे वेगळे. दीनची बाब असेल तर प्रेषितांचा (स.) शब्द, आणि खजूर कसा फळतो हे बागेत राबणाऱ्याने पाहून, अनुभवून शिकायचे. आम्ही तर दुसऱ्याच्या बागेतला नियम आपल्या वेलीला न विचारता लावला होता.

त्या साली ईदनंतर कर्जाचे दोन हप्ते आम्ही दागिन्यांच्या डब्याकडे पाहून भरले. त्याबद्दल इथे अधिक लिहीत नाही.

पुढच्या वर्षी, 2024 मध्ये, रोजे 12 मार्चपासून होते. जानेवारीच्या थंडीत काकडी उगवायला कुरकुर करते, म्हणून ट्रेमध्ये, अंगणात, रात्री प्लास्टिक झाकून रोपे केली. बारापैकी दहा ओळी आमच्या आणि दोन अम्मींच्या, असे आधीच ठरले. त्यांच्या ओळींना बांबू नाही, तार नाही, कात्री नाही. खाली फक्त धानाचे तणस अंथरायचे.

आमच्या दहा ओळींत आम्ही कात्री लावली, पण मोजून. खालची पहिली चार-पाच पेरे, म्हणजे साधारण दीड फूट, साफ केली. तिथली बगलफूटही काढली आणि फुलेही. वेल लहान असताना फळ धरले तर ती तिथेच अडून बसते, शिवाय खालची काकडी मातीला टेकून सडते. त्याच्या वर मात्र बगलफूट ठेवली. तिच्यावर मादी फुले दिसली की त्यापुढे दोन पाने सोडून शेंडा खुडला. काकडीला पोसतात ती पानेच, म्हणून पाने राखायची आणि लांबी आवरायची. मुख्य वेल सहा फुटांवरच्या तारेला पोहोचली की तिचाही शेंडा खुडला. मग जोर बाजूला वळतो.

यात वेळेलाही महत्त्व आहे, आणि हे आम्हाला कोणी सांगितले नव्हते. सकाळी वेल पाण्याने भरलेली, कडक असते. बगलफूट अंगठ्याने वाकवली की कट्कन तुटते, जखम लहान होते. पण त्याच वेळी वेल सुतळीभोवती वळवायला जाल तर मुख्य खोडच मोडेल. आमच्या सात-आठ वेली अशा गेल्या. वळण द्यायचे ते दुपारनंतर, वेल थोडी मलूल झाल्यावर. म्हणून रमजानात फज्रनंतर तिलावत, मग ऊन वर येऊन दव वाळले की खुडणी, आणि असरनंतर बांधणी, असा क्रम बसला. ओल्या पानांत हात घालायचा नाही, त्याने केवडा पसरतो. एखाद्या वेलीची पाने चट्टेपट्टे येऊन आकसलेली दिसली तर तिला हात सगळ्यांत शेवटी, आणि मग हात साबणाने धुवायचे. कात्री असली तर तीही पुसायची. मोझॅकचा रोग मावा पसरवतो, तसा रसाने भरलेल्या हातानेही पसरतो. सुतळीची गाठ सैल, आत बोट जाईल एवढी. खोड जाड होते हे बांधताना लक्षात राहत नाही.

आमच्या जातीला मधमाशी लागतेच. मादी फूल एकच दिवस उमलते. त्या दिवशी माशी पुरेशी फिरली नाही तर काकडी एका बाजूने फुगते, दुसऱ्या बाजूने वाकडी होते. म्हणून फवारणी लागलीच तर ती संध्याकाळी, फुले मिटल्यावर.

आणि तोडणी. एक काकडी पानाआड राहून पिवळी झाली की वेल समजते आपले काम झाले, बी तयार आहे. पुढची फळे मंदावतात. एक दिवसाआड तोडणे हीसुद्धा छाटणीच आहे असे आम्हाला आता वाटते. अम्मींच्या ओळींत फळ कमी नव्हते, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. तणसामुळे मूळ गार राहिले, वेलींनी उन्हाळा चांगला सोसला. पण तिथल्या काकड्या पानांखाली लपायच्या, पोटाशी पिवळ्या व्हायच्या, आणि दुकानदार त्यांना भाव कमी द्यायचा. मांडवावरच्या सरळ, हिरव्या. हात वर केला की दिसणाऱ्या.

पहिला क्रेट निघाला तेव्हा उश्रचा प्रश्न आला. विहिरीचे पाणी, म्हणजे दहावा नाही, विसावा हिस्सा. भाजीपाल्यावर उश्र आहे का यात मतभेद आहेत. इमाम अबू हनीफा (रह.) यांच्या मते जमिनीच्या सर्वच उत्पन्नावर आहे. त्यांचेच शिष्य इमाम अबू यूसुफ आणि इमाम मुहम्मद (रह.) यांच्या मते न टिकणाऱ्या भाज्यांवर नाही. आपापल्या आलिमांना विचारावे. आमच्या घरी अम्मींनी निकाल दिला, “काढून टाका, काकडी उद्या नरम पडेल.” त्याप्रमाणे दर वीस किलोमागे एक किलो त्याच दिवशी गरजू घरांत गेली. मशिदीच्या इफ्तारीला दिली ती याहून वेगळी.

तिथे दस्तरखानावर खजुराशेजारी काकडी ठेवताना मुले विचारतात. प्रेषितांना (स.) ताज्या खजुरासोबत काकडी खाताना पाहिल्याची अब्दुल्लाह बिन जाफर (रजि.) यांची हदीस बुखारीत आहे. अरबीतली ती ‘किस्सा’ आपल्या खिऱ्यापेक्षा वाळकाच्या जवळची, असे जाणकार म्हणतात. सूरह अल-बकरामध्ये बनी इस्राईलने मूसा (अ.) यांच्याकडे मागितलेल्या जिन्नसांतही तीच आहे. मुलांना दोन्हींत फरक वाटत नाही, ती दोन्ही खातात.

त्या ईदला, 11 एप्रिलला, कर्जाचा एकच हप्ता उरला होता. तो मे महिन्यात काकडीच्याच पैशांनी भरला.

अम्मींच्या दोन ओळी अजून दर उन्हाळ्यात तणसावरच असतात. त्यांची नजर आता अधू झाली आहे, तिथल्या काकड्या त्या हाताने चाचपून तोडतात. परत येताना आमच्या मांडवाखालून येतात, आणि एखादी लांबलेली फांदी गालाला लागली तर तिथेच उभ्या राहून हाक मारतात, “अगं, हिचा शेंडा कोण खुडणार?”