खानेसुमारी आणि खुशाली

ज्या मोजणीस हल्लीं जनगणना म्हणतात, तिला आमच्या वडिलांच्या पिढींत खानेसुमारी व शिरगणति अशीं दोन नांवें होतीं. पहिल्या नांवांत घर मोजलें जातें, दुसऱ्यांत डोकें. हे शब्द आतां मागें पडले. परंतु ते शेजारींशेजारीं ठेवून पाहिले असतां एक प्रश्न मनांत आल्यावांचून राहत नाहीं. घरें मोजून झालीं, डोकीं मोजून झालीं. त्या घरांतील माणसें खुशाल आहेत कीं नाहींत, हें कोणत्या रकान्यांत लिहावयाचें?

आम्ही व्यवसायानें शाळामास्तर; आतां सेवानिवृत्त. शिक्षण मॅट्रिकपर्यंत, व पाठशाळेंत संस्कृताचें थोडेंबहुत अध्ययन. सरकारदरबारीं शिक्षक म्हणजे गणतीचा हक्काचा माणूस. त्या न्यायानें १९९१, २००१ व २०११ अशा तीन खानेसुमाऱ्यांत प्रगणकाचें काम आम्हांकडे आलें, आणि तिन्ही वेळां पुण्याच्या सदाशिव पेठेंतील, आमच्या राहत्या घराच्या आसपासचेच बोळ वाट्यास आले. तेच उंबरे वीस वर्षांत तीनदां ओलांडल्यावर जें दिसलें, तें वाचकांपुढें मांडावयाचें आहे. २०२१ ची गणति महामारीमुळें राहिली; आतां नव्या गणतीची संदर्भतिथि १ मार्च २०२७ अशी ठरली आहे. आमची पाळी संपली. म्हणून पाहिलेलें सांगून ठेवावें, हें बरें.

वस्तीची मोजणी आणि वस्तीचें आरोग्य हे दोन वेगळे विषय आहेत, असें आपल्या पूर्वजांस वाटत नव्हतें. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत नगराच्या व्यवस्थेचें प्रकरण आहे. तेथें दहा, वीस किंवा चाळीस कुळांमागें एक गोप नेमलेला असून त्यानें प्रत्येक कुळांतील स्त्रीपुरुषांचीं नांवें, व्यवसाय आणि जमाखर्च जाणून असावें असें सांगितलें आहे. त्याच प्रकरणांत, लपविलेल्या जखमेवर उपचार करणाऱ्या वैद्यानें त्याची वर्दी गोपास द्यावी, असाहि नियम आहे. चरकसंहितेच्या विमानस्थानांत जनपदोद्ध्वंसाचा एक सबंध अध्याय आहे. माणसांच्या प्रकृति भिन्न असतांना एकाच वेळीं सारी वस्ती कां आजारी पडते, हा तेथला प्रश्न. आणि वायु, जल, देश व काल हीं चार सर्वांस समाईक आहेत, हें त्याचें उत्तर. एकाची विहीर बिघडली तर ती बिघाड एकट्याचा राहत नाहीं, एवढा अर्थ त्यांतून कोणीहि घ्यावा.

परंतु जाणून घेण्याच्या रीतींत फरक असतो, आणि तो पुण्याइतका दुसऱ्या शहरानें क्वचितच भोगला असेल. १८९६ सालच्या अखेरीस येथें प्लेग आला. पुढील वर्षीं रोगी शोधण्यासाठीं गोऱ्या शिपायांच्या तुकड्या घरोघर शिरल्या. देवघर आणि माजघर त्यांस सारखेंच. परिणाम असा झाला कीं लोक रोगी लपवूं लागले, आणि पुष्कळांनीं गांव सोडलें. २२ जून १८९७ रोजीं रॅंडसाहेबांवर गोळी झाडली गेली, हा इतिहास शाळेंतील मुलांसहि ठाऊक असतो. त्याच वर्षीं पुण्याबाहेर सावित्रीबाई फुले व त्यांचे पुत्र डॉक्टर यशवंतराव हे प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करीत होते. रोग्यांची सेवा करतां करतां सावित्रीबाईंस तोच रोग जडला व १० मार्च १८९७ रोजीं त्यांचा अंत झाला. एका रीतीनें रोगी शोधून काढले; दुसरीपाशीं रोगी आपण होऊन आले. वस्तीची खबर झडतीनें मिळत नाहीं, विश्वासानें मिळते, हा त्या वर्षाचा धडा आम्हीं तिन्ही खानेसुमाऱ्यांत पदोपदीं अनुभविला.

१९९१ सालीं आमच्या वाट्यास पुष्कळसे जुने वाडे होते. चौकांत नळ, जिन्याखालीं सायकली, आणि एकेका वाड्यांत आठ-दहा बिऱ्हाडें. विवाहित स्त्रियांस विचारावयाचा एक प्रश्न असे : जिवंत जन्मलेलीं मुलें किती, आणि त्यांपैकीं हयात किती? घरांतील कर्ता पुरुष हयात मुलांची संख्या चटकन सांगे व पुढचा प्रश्न ऐकावयास सज्ज होई. आंतून मात्र एखाद्या आजीबाई पदर सावरीत बाहेर येत आणि बोटांचीं पेरें मोजूं लागत. कांहींजणी जन्मलेल्यांचीं नांवें घेत. कांहींचें नांव ठेवण्यापूर्वींच तें मूल गेलेलें असे. चाळीस-पन्नास वर्षांत त्या मुलांविषयीं कोणी विचारलें नव्हतें. तें एका सरकारी कागदानें विचारलें. देश स्वतंत्र झाला त्या सुमारास सरासरी आयुर्मान अवघें बत्तीस वर्षांचें होतें, असें पुस्तकांत आम्ही मुलांस शिकवीत होतों. त्या आंकड्याचा अर्थ आम्हांस त्या पेरांवर कळला.

२०११ सालीं त्याच प्रश्नास त्यांच्या नातसुना उत्तर देत : "एक. एकच." जन्मलेलें एक आणि हयातहि एक. हा फरक लहान नव्हे. देवीचा शेवटचा रोगी भारतांत १९७५ सालीं आढळला. पुढें लसी आल्या, बाळंतपणें दवाखान्यांत होऊं लागलीं. ज्या र. धों. कर्व्यांनीं १९२१ सालीं मुंबईंत संततिनियमनाचें केंद्र काढलें व १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' चालविलें, त्यांस समाजानें जो त्रास दिला तो आज कोणी आठवीत नाहीं. त्यांचें म्हणणें मात्र घरोघर आचरणांत आलें आहे. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत महाराष्ट्रांतील एका स्त्रीमागें मुलांची सरासरी १.७ इतकी आढळली.

ह्या चित्राची दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. महाराष्ट्रांत सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागें मुली २००१ सालीं ९१३ होत्या. २०११ सालीं त्या ८९४ झाल्या. गर्भलिंगपरीक्षेविरुद्ध ह्या राज्यानें १९८८ सालींच कायदा केला, देशानें १९९४ सालीं. तरी ही घट झाली. त्या परीक्षेस पैसा लागतो, डॉक्टरची ओळख लागते आणि थोडें इंग्रजीहि लागतें. सुशिक्षित वाचकहो, हें पाप अडाण्यांच्या माथीं मारून आपणांस मोकळें होतां येणार नाहीं.

तिसऱ्या खेपेस आम्हांस जें विशेष जाणवलें तें म्हणजे दारांवरचीं कुलुपें आणि उघड्या दारांतील पांढरे केस. वाड्यांच्या जागीं इमारती उभ्या होत्या. बिऱ्हाडें वाढलीं, माणसें कमी झालीं. मुलगे कोथरूड-बाणेरास, नाहींतर साता समुद्रांपलीकडे; येथें आईबाप, किंवा दोहोंपैकीं एकच. रिकाम्या खोल्यांत स्पर्धापरीक्षांचा अभ्यास करणारे परगांवचे विद्यार्थी. २०११ च्या गणतीप्रमाणें महाराष्ट्रांत साठीच्या वरचीं माणसें दर शंभरांत जवळजवळ दहा होतीं. आमच्या बोळांत तीं ह्याहून दाट वाटलीं.

आतां औषधोपचारांचें पाहूं. कोपऱ्यावरचा घरगुती डॉक्टर, त्याचा कंपाउंडर, कागदाच्या खुणा चिकटविलेली औषधाची बाटली, हें सारें आमच्या तरुणपणींहि होतें. तो डॉक्टर नाडी पाहतां पाहतां वडिलांच्या मधुमेहाची व मुलीच्या लग्नाची चौकशी एका दमांत करी. आज रुग्णालयांची वाण नाहीं. १८६७ चें ससून आहे, रास्ता पेठेंतील १९१२ चें के. ई. एम. आहे, आणि खाजगी तर गल्लोगल्लीं आहेत. हृदयास एक डॉक्टर, गुडघ्यास दुसरा, डोळ्यांस तिसरा. तिघांच्या गोळ्या एकाच पोटांत जातात, हें पाहणारा चौथा मात्र नाहीं. शिवाय दुखण्यांची जातच बदलली. पूर्वींचा पटकी-प्लेग दोन दिवसांत निकाल लावी. आतांचा मधुमेह, रक्तदाब, संधिवात किंवा स्मृतिभ्रंश हा वीस वर्षें घरांत मुक्काम करतो. त्यास रुग्णालयाहून अधिक रोजचा माणूस लागतो, आणि नेमका तोच दुर्मिळ झाला आहे.

आमच्या इमारतींत एक काकू होत्या. वय ऐंशीच्या पुढें, दोन्ही मुलगे परदेशीं. एके रात्रीं त्या न्हाणीघरांत पडल्या. वरच्या खोलींत मराठवाड्यांतून आलेला एक विद्यार्थी राहत असे. आवाज ऐकून तो धांवला, त्यानें आम्हांस उठविलें. बोळांत दुचाक्यांची गर्दी. रुग्णवाहिका तोंडाशींच अडली. त्यानें व दूध टाकणाऱ्या गड्यानें काकूंस खुर्चींत बसवून रस्त्यापर्यंत उचलून नेलें. रुग्णालयांतील कारकुनानें विचारलें, "नातेवाईक कोण?" आम्ही म्हणालों, "शेजारी." तो म्हणाला, "मास्तर, तसा रकाना नाहीं. रक्ताचें कोण?" मुलाचा होकार फोनवर येईपर्यंत दोन तास गेले. तेवढ्या वेळांत डॉक्टरांस काकूंच्या गोळ्यांचीं नांवें, मात्रा, कोणतें औषध त्यांस सोसत नाहीं, हें सारें तो विद्यार्थी तोंडपाठ सांगत होता. कारण महिनोन्महिने तींं औषधें तोच आणून देत असे. खुब्याचें हाड मोडलें होतें; शस्त्रक्रिया झाली व काकू काठी टेकीत पुन्हां घरीं आल्या.

खानेसुमारीच्या नियमानें एका चुलीवर जेवणारे तें एक कुटुंब. त्या हिशेबानें काकू म्हणजे एक कुटुंब, आणि तो विद्यार्थी म्हणजे दुसरें. दोघांचा एकमेकांशीं कांहीं संबंध आहे, हें कोणत्याहि कागदावर उमटत नाहीं. नियम चुकीचा नव्हे. मोजावयास कांहींतरी माप हवेंच. परंतु जें मापांत येत नाहीं तें नसतेंच, असें मात्र आपण समजूं नये.

त्या प्रसंगानंतर आमच्या इमारतींत आम्हीं एक वही घातली. प्रत्येकाचें नांव, वय, आजार, चालू औषधें, डॉक्टर, आणि रात्रीं-अपरात्रीं प्रथम कोणास उठवावें, एवढाच मजकूर. प्रारंभीं कुरकुर झाली. घरांत लग्नाची मुलगी आहे, आईच्या भ्रमाचा बोभाटा कशाला, असें एका गृहस्थांनीं स्पष्टच म्हटलें. त्यांचें भय खोटें नव्हतें. म्हणून प्रत्येक बिऱ्हाडाचा कागद बंद लिफाफ्यांत ठेवावा व प्रसंगावांचून तो फोडूं नये, असें ठरलें. मग त्यांनींहि तो दिला. ऑक्टोबर १९२४ चा नव्हे, ऑक्टोबर २०२४ चा काळ हा. त्या महिन्यांत सत्तरी ओलांडलेल्या सर्वांस, उत्पन्न न पाहतां, आयुष्मान भारत योजनेंत रुग्णालयीन उपचारांसाठीं वर्षाला पांच लाख रुपयांपर्यंतचें संरक्षण सुरू झालें. सत्तरीवरचीं माणसें कोण, हें वहींत असल्यामुळें त्यांचीं कार्डें काढण्यास विद्यार्थ्यांनीं मदत केली. २००७ च्या कायद्यानें मुलांकडून आईबापांस निर्वाहखर्चहि मागतां येतो. दोन्ही गोष्टी स्वागतार्ह आहेत. परंतु योजना बिल देईल, कायदा पैसा देववील. मध्यरात्रीं तांब्याभर पाणी जवळ कोणी आणावयाचें, तें शेजारच्या भिंतीपलीकडील माणसानेंच ठरवावयाचें आहे.

तेव्हां वाचकांस आमची विनंति दोन गोष्टींची. प्रगणक दारीं आला तर त्यास बसावयास द्या आणि खरें सांगा. १९४८ च्या कायद्यानें तुमचें उत्तर गुप्त राहतें. अंधत्व, बहिरेपण, गेलेलीं मुलें, ह्यांत लाज कसली? खऱ्या आंकड्यांवांचून दवाखाना कोठें हवा हें सरकारास कळणार नाहीं. दुसरी गोष्ट, तो गेल्यावर करावयाची. त्याचा कागद जेथें संपतो तेथून पुढची चौकशी आपली आहे. आपल्या जिन्यावर एकटें कोण राहतें, त्यांचीं औषधें कोणतीं, त्यांचा आवाज काल ऐकूं आला होता काय, एवढें प्रत्येक घरानें शेजारच्या एका घराविषयीं जाणून असावें. खानेसुमारी दहा वर्षांनीं होते. खुशाली रोज विचारावी लागते.