कांडल्याचा निळा माल

सुरजबारीच्या पुलावर गाडी आली की दोन्ही बाजूंना खाडी आणि मिठागरं पसरतात. वांद्र्याहून रात्रभर प्रवास करून सकाळी गांधीधामला उतरायचं, चहा घ्यायचा आणि रिक्षाने थेट कांडल्याच्या निर्यात झोनचं फाटक गाठायचं. गेट पास मिळेपर्यंत ऊन चांगलंच चढलेलं असतं.

फाळणीत कराची बंदर पाकिस्तानात गेलं, म्हणून कांडला उभं राहिलं. सिंधमधून आलेल्या निर्वासितांसाठी भाई प्रतापांनी शेजारी गांधीधाम वसवलं. 1965 साली इथे आशियातलं पहिलं निर्यात प्रक्रिया क्षेत्र सुरू झालं. अमेरिका, कॅनडा, युरोपात लोकांनी दान केलेले कपडे आज इथे कंटेनरमधून उतरतात, छाटले जातात आणि बरेचसे आफ्रिकेकडे निघतात. माझी मावसबहीण लंडनमध्ये जुन्या कपड्यांचं दुकान चालवते. तिच्यासाठी जीन्स निवडायला मी येते. माल इथूनच परस्पर परदेशी जातो. आपल्या बाजारात आणायचा तर तो आयात धरला जातो, त्याचे नियम आणि शुल्क वेगळे.

शेडमध्ये शिरताच जुन्या कापडाचा कोंदट वास आणि धूळ अंगावर येते. पट्ट्यावरून कपडे सरकत असतात आणि दोन्ही बाजूंना ओढण्यांनी नाक-तोंड बांधलेल्या बायका उभ्या. कपडा हातात आला की क्षणात ठरतं : शर्ट, स्वेटर, लहान मुलांचं, चिंधी. डेनिमचा ढीग वेगळा. त्यातला बहुतेक माल ताणला जाणारा, अलीकडचा. त्याला वजनावर भाव. आम्हाला हवा असतो तो त्याच्या तळाशी सापडणारा.

जीन्सचं वय आतून वाचायचं असतं. पाय उलटा केला आणि बाहेरच्या शिवणीला कापडाची मूळ, न उसवणारी किनार दिसली, की ते कापड जुन्या अरुंद धोट्याच्या मागावरचं. लिव्हाइजच्या 501 वर ती लाल दोऱ्याची किनार ऐंशीच्या दशकाच्या पूर्वार्धापर्यंत मिळते. रुंद माग आल्यावर ती गेली. मग मागच्या खिशावरची लाल पट्टी बघायची. ही पट्टी 1936 मध्ये आली, आणि 1971 पर्यंत तिच्यावर कंपनीच्या नावातला ‘ई’ मोठ्या लिपीतला होता. मागच्या खिशांचे रिव्हेट खुर्च्या आणि खोगिरं ओरखडत, म्हणून 1937 पासून ते कापडाखाली लपवले गेले आणि साठच्या दशकात काढूनच टाकले. खिसा उलटून बोटाला ते लपलेलं तांबं लागलं, तर ती जीन्स माझ्याहून वयाने मोठी. पण मोठा ‘ई’ असलेल्या नव्या प्रतिकृतीही येतात. म्हणून धुण्याच्या सूचनांची चिठ्ठी शोधायचीच. अमेरिकेत ती सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला सक्तीची झाली, त्यामुळे मोठ्या ‘ई’सोबत ती दिसली की माल नवा.

हे सगळं मी पुस्तकं आणि फोटो बघून शिकले. ढिगाशेजारच्या रमाबेनना त्यातलं काही वाचायला मिळालेलं नाही. त्या कापड चिमटीत धरतात, मांडीवरची फिक्या रेषांची जाळी बघतात आणि जीन्स माझ्याकडे टाकतात : “आ जुओ, बेन.” पाय उलटा करावा तर लाल किनार. एकदा त्यांनी साखळी टाक्याने दुमडलेला पाय दाखवला. त्या टाक्याने कडेला दोराच्या पिळासारख्या तिरक्या लाटा उमटतात, त्या त्यांनी अंगठ्यानेच ओळखल्या होत्या. लंडनच्या दुकानात ज्याला पारख म्हणतात, ती इथे दिवसभर उभी राहून काम करते, आणि तिला पगार मिळतो तो साध्या छाटणीचा. मला हे मनापासून अन्यायाचं वाटतं.

या खेपेला दुपारी भावाची बोलणी. मालकांना सगळा ढीग वजनावर खपवायचा होता, मला निवडक माल नगावर हवा होता. व्हिडिओ कॉलवर मावसबहीण एकेक जीन्स फिरवायला लावून बघत होती. गुडघ्याला रफू असलेली तिने आनंदाने घेतली, मांडीतून विरलेली नाकारली. शेवटी नगाचा भाव ठरला. त्यावर मी आमची अट घातली : पट्ट्यावरून जुना नग काढून देणाऱ्या बाईला नगामागे वेगळे पैसे, आणि ते बिलात छाटणीच्या खर्चाच्या ओळीत लिहिलेले. मालक म्हणाले, “असं कुणी मागत नाही, ताई.” मी म्हटलं, “आम्ही मागतो. आणि रक्कम आम्ही देणार आहोत.” थोडा वेळ त्यांनी हिशेबाचं यंत्र चाळवलं, मग मुनीमांना हाक मारली.

बिल टाइप होईपर्यंत गासडी दाबून पट्ट्यांनी आवळली गेली. बिलातली छाटणीच्या खर्चाची ओळ मी रमाबेनना वाचून दाखवली. त्यांनी रक्कम पुन्हा विचारली, बोटांवर मोजली आणि पुढच्या कंटेनरमध्ये जॅकेटं जास्त येतील, तेव्हा या, असं सांगितलं.