मुद्दाम सोडलेली घरघर

माझी नोकरी बँकेतली, म्हणजे आवाज ऐकून घेण्याची. पासबुक छापून न मिळालेली गिऱ्हाइकं आणि केबिनमधून ओरडणारे साहेब यांच्यात वीस वर्षं काढल्यावर माणसाला घरी शांतता हवी असते. त्यामुळे चिरंजीवांनी जेवणाच्या टेबलावर तारांचं जंजाळ मांडून "बाबा, मला सप्लायमध्ये थोडा आवाज घालायचाय," असं जाहीर केलं, तेव्हा आपले संस्कार कुठं तरी कमी पडले, असं मला वाटलं.

मूळ होतं एका कॅसेटमध्ये. १९८९ साली माझ्या मुंजीत वीज गेली, तेव्हा मामानं सेलवर टेपरेकॉर्डर चालू ठेवला होता. अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, आवाज एवढ्या एकाच ठिकाणी उरलाय. चिरंजीवांनी भंगारातून टेपची यंत्रणा आणून प्रीअँप स्वतः बांधला. लावला, तर अण्णांच्या जागी पिठाची गिरणी! आई रोज संध्याकाळी टेबलापाशी येऊन बसायची, घरघर ऐकायची आणि "दळण झालं की सांग रे," म्हणून उठून जायची.

"अरे, मग आवाज काढायचा सोडून घालतोस कशाला?"

"घरघर सप्लायमधून येते की दुसरीकडून, ते कळायला नको? ओळखीचा आवाज सप्लायमध्ये सोडायचा आणि बाहेर किती येतो ते मोजायचं."

हे मात्र पटलं. पैसे कुठं गळतात ते शोधायला खुणेची नोट सोडतात, तसंच. आवाज १०० हर्ट्झचा चालणार नव्हता. आपली वीज ५० हर्ट्झची, ती डायोडच्या पुलावरून गेली की मूळची घरघर नेमकी १०० वर बसते. खुणेची नोट गल्ल्यातल्या नोटांसारखीच असून कसं चालेल? म्हणून ३३० ठरला.

पण तो आत शिरेचना. जनरेटरच्या पोटात ५० ओहम, आणि सप्लायचा इम्पिडन्स एका ओहमचा विसावा हिस्सा. एक व्होल्ट सोडावा, तर पोचतो एक मिलिव्होल्ट. हजार रुपये भरावेत आणि पासबुकात रुपया उमटावा! मी बी.कॉम. असलो तरी हा हिशेब मला चटकन कळला, कारण कमी इम्पिडन्सचा सप्लाय आमच्या घरात पहिल्यापासून आहे. माझी इतक्या वर्षांची कुरकुर हिनं अशीच जिरवली. पातळी एका मिलिव्होल्टनं हलली असेल तर शपथ.

चिरंजीवांनी जनरेटरचं बटण पिळून पाहिलं. मग डोकं खाजवून म्हणाले, "बाजूनं ओरडून उपयोग नाही. वाटेतच बसायला हवं."

आमच्या शिपायाला हे तत्त्व केव्हापासून ठाऊक आहे. तो साहेबांशी वाद घालत नाही, केबिनच्या दारात बसतो. सप्लायकडून प्रीअँपकडे जाणारी तार तोडून तिच्यात जुन्या खिशातल्या ट्रान्झिस्टरचा छोटा ट्रान्सफॉर्मर बसला. त्याची स्पीकरकडची गुंडाळी तारेच्या वाटेत, दुसरी जनरेटरला. डीसी फार गेला की असल्या ट्रान्सफॉर्मरचा लोखंडी गाभा मान टाकतो, पण आमचा प्रीअँप जेमतेम काही मिलिअँपिअर खाणारा. त्याच्या तोंडाशी बसलेला मोठा कपॅसिटरही तात्पुरता उचलला, नाहीतर त्यानंच सगळं गिळलं असतं.

आता १०० मिलिव्होल्ट बरोबर पोचले, आणि पलीकडून ४० बाहेर! शिट्टी अशी घुमली की शेजारच्यांनी कुकर बंद करायला सांगितलं.

चोर सापडला. पहिल्या ट्रान्झिस्टरला बायस देणारा रेझिस्टर थेट सप्लायला टांगलेला होता. त्याचे दोन हिस्से करून मध्ये एक कपॅसिटर जमिनीला जोडला. शिट्टी जवळजवळ गेली. मग ट्रान्सफॉर्मर काढला, मोठा कपॅसिटर परत लावला आणि आईला हाक मारली.

मंगलाष्टकं, भांड्यांचा आवाज, कुणाचं तरी रडणं (माझंच असावं). आणि एकदम, अगदी जवळून, अण्णा :

"बंद करा रे ते, सेल फुकट चाललेत!"

कोणी काही बोललं नाही. आईनं पदर सारखा केला आणि नातवाला म्हणाली, "ऐकलंस ना? कर बंद."