दोरीच्या गाठी

भंडारा जिल्ह्यात साकोलीजवळ असलेल्या आमच्या सानगडीच्या घराच्या परसात, विहिरीच्या खांबाला एक सुती दोरी टांगलेली असते. तिला फुटाफुटावर गाठी मारलेल्या आहेत आणि टोकाला शिशाचा गोळा बांधलेला आहे. अक्षय तृतीयेच्या सकाळी, पितरांच्या नावाने घागर भरण्यापूर्वी, ही दोरी तळापर्यंत सोडावी, वर ओढून ओल्या झालेल्या गाठी मोजाव्यात आणि तो आकडा जमाखर्चाच्या वहीच्या मागच्या पानावर टिपून ठेवावा, असा परिपाठ आजोबांनी घालून दिला. तो वडिलांकडे आणि त्यांच्यामागून माझ्याकडे आला.

विहीर ३० फूट खोल आणि ८ फूट रुंद. आमच्या भागात पश्चिम महाराष्ट्रासारखा काळा कातळ लागत नाही. भूशास्त्रज्ञांनी ज्यांना साकोलीचेच नाव दिले आहे, ते पुरातन, पापुद्र्यापापुद्र्याने सुटणारे खडक येथे मुरमाखाली पसरलेले आहेत आणि पाणी त्यांच्या फटींतून वाट काढीत येते. हे जाणूनच ज्याने ही विहीर बांधली त्याने वरचे १२ फूट चुन्यात बांधून काढले, परंतु त्याखालचे थर चुन्यावाचून कोरडेच रचले आणि दगडांमागे नदीतले गोटे भरले, की पाणी गाळून आत यावे आणि माती मागे राहावी. एवढी गोष्ट मी तरुणपणी समजून घेतली असती, तर पुढला अनर्थ टळला असता.

१९५४ च्या उन्हाळ्यात मी अकरा वर्षांचा होतो. भंडारा मतदारसंघाच्या पोटनिवडणुकीला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे होते आणि घरोघरी ओटीवर तीच चर्चा चाले. त्याच दिवसांत आमच्या विहिरीचा गाळ काढण्याचे काम निघाले. प्रथम पेटता कंदील दोराने तळापर्यंत सोडला. तो विझला असता, तर कोंदलेल्या दूषित वायूत माणूस उतरविता आला नसता. मग दोघे जण उतरले आणि तीन दिवस टोपल्यांमागून टोपल्या वर येत राहिल्या : चिखल, फुटके माठ, बुडालेले गडवे, माझ्या आत्याचे एक चांदीचे जोडवे. ज्यांनी कंबरभर चिखलात उभे राहून आमचे पिण्याचे पाणी निर्मळ केले, त्यांच्या घरच्या बायकांना या विहिरीच्या दोराला हात लावण्याची मुभा नव्हती. त्या घागरी घेऊन दूर उभ्या राहत आणि कोणी वरून पाणी घालील त्याची वाट पाहत. चौथ्या दिवशी झरे मोकळे होऊन पाणी चढले, तेव्हा वडिलांनी त्या दोघांतील वयोवृद्धाच्या हाती पोहरा दिला आणि म्हणाले, "बुवा, पहिला पोहरा तुम्ही काढा." आजी देवघरात जाऊन बसली, दोन दिवस तिने अन्न घेतले नाही. परंतु त्या दिवसापासून तो दोर सर्वांचा झाला. बाबासाहेब ती निवडणूक हरले. दोर सर्वांना मोकळा करण्यास आपण फार उशीर केला, असे वडील पुढे अनेकदा म्हणत, आणि ते खरेच होते. वहीत त्या वर्षासमोर ९ हा आकडा आहे.

पुढे मी नोकरीनिमित्त नागपुरास गेलो. वडील वारल्यावर विहिरीकडे वर्षाचे वर्ष पाहणारे कोणी उरले नाही, आणि १९८५ च्या सुमारास पूर्वेच्या अंगाला पिंपळाने चिऱ्यांत मुळे घातली. पिंपळ बोटभर असतानाच उपटावा लागतो. मुळे दर्जांत शिरली की ती भिंतच उकलतात. रजा थोडी होती. एका गवंड्याच्या सांगण्यावरून मी पिंपळ तोडविला आणि कठड्यापासून उन्हाळ्यातील पाण्याच्या पातळीपर्यंत आतून सिमेंटचा गिलावा करून घेतला. विहीर नवी दिसू लागली; मी समाधानाने परतलो. आमच्याकडे वर्षाला सरासरी १३०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पुढल्याच पावसाळ्यात जमिनीत मुरलेले ते सारे पाणी गिलाव्यामागे तुंबले, त्याला आत येण्यास वाट राहिली नव्हती, आणि त्याच्या दाबाने भिंतीने पोट काढले. श्रावणातल्या एका रात्री तिचे थर कोसळले. त्यानंतर वहीत पंधरा वर्षे काहीही लिहिलेले नाही. गावात हातपंप आले, मग नळ आले, आणि घरातली नवी बाळंतीण ज्या विहिरीची हळदकुंकू वाहून पूजा करी, तिच्यावर पत्रा टाकण्यात आला.

२००१ मध्ये सेवानिवृत्त होऊन परतलो, तेव्हा पहिले काम मी तेच हाती घेतले. चुन्याचे काम जाणणारा एक म्हातारा मिस्त्री शेजारच्या गावी मिळाला. त्याने प्रथम गिलावा छिन्नीने तासून काढला. भाजलेली चुनकळी हौदात विरविली आणि महिनाभर पाण्याखाली तशीच राहू दिली. मला घाई होती, त्याला नव्हती. मग त्या चुन्यात विटांची सुरखी आणि वाळू घालून त्याने ते मिश्रण चुन्याच्या घाणीत इतका वेळ मळले, की ते थापीला लोण्यासारखे चिकटू लागले. नुसता चुना हवेतला वायू शोषून सावकाश घट्ट होतो. सुरखी मिसळली म्हणजे तो ओलीतही धरतो, आणि विहिरीच्या कामात तिचे महत्त्व ते एवढ्यासाठी. पडलेले दगड तळातून काढून, जुन्या खुणा पाहून, एकेक पूर्वीच्या जागी बसविला. खालचे थर पुन्हा कोरडे ठेवले, मागे गोटे भरले. कठडा वाढविला आणि भोवतालच्या फरशीला बाहेरच्या बाजूने उतार दिला, की धुण्याचे पाणी परतून आत झिरपू नये. दुरुस्तीला ५ महिने लागले, आणि तितक्या एकाग्र आनंदाचे ५ महिने माझ्या आयुष्यात दुसरे नाहीत.

आणि तरीही २००४ च्या अक्षय तृतीयेला दोरी कोरडी वर आली. मी मिस्त्रीला बोलावून भिंती दाखवू लागलो. त्याने आत वाकूनसुद्धा पाहिले नाही. "मालक, इहिरीले का पाहता, तलावाले पाहा," एवढेच तो बोलला.

आमच्या गावचा तलाव मालगुजारी तलाव आहे. पूर्व विदर्भात असे ६ हजारांहून अधिक तलाव आहेत. त्यांतले कितीतरी कोहळी समाजाच्या कर्त्या माणसांनी गोंड राजवटीपासून बांधत आणलेले. पाळ कोठे घालावी, पाणी सोडण्याचे तुडुम कोठे ठेवावे, याची त्यांची जाण पाहून आजही मन स्तिमित होते. आमच्या विहिरीचा खरा झरा हा तलावच. १९५१ मध्ये मालगुजारी ही जमीनदारीची पद्धत संपुष्टात आली आणि तलाव सरकारजमा झाले. ते न्याय्यच होते. परंतु पूर्वी गावकरी उन्हाळ्यात तलावातला गाळ उचलून आपापल्या धानाच्या बांद्यांत नेऊन टाकीत. ती वहिवाट हळूहळू मोडली. पाण्याविषयीची वहिवाट नमूद करणारा वाजिब-उल-अर्ज १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेतही कायम आहे. लोप झाला तो वहिवाटीचा. मी तलावावर गेलो, तेव्हा पात्रात निम्म्यावर बेशरमाचे रान माजले होते आणि गाळाच्या थराने तळ लिंपल्यासारखा झाला होता. माझ्या विहिरीच्या आत मी जो गिलावा केला होता, तसाच गिलावा तेथेही झाला होता, आणि तो फोडणे एकट्याच्या हातचे नव्हते. खसऱ्यात विहीर आमच्या नावावर आहे. तिचे पाणी कधीही आमचे नव्हते.

तलावाचा गाळ पुढे थोडाथोडा, काही उन्हाळ्यांत, ज्यांच्या बांद्या होत्या त्यांनी आपल्या गाड्यांनी नेला. दरवर्षी गाळ उचलला गेला तरच पाणी टिकेल, हे मी ग्रामसभेत प्रत्येक वर्षी सांगतो, आणि माझी गावकऱ्यांना विनंती आहे की माझ्यामागे ते कोणीतरी सांगत राहावे. घरी मी माझ्याने होते तेवढे करतो. पावसाळ्यात पाणी १० फूट असले की सुमारे ३६ ग्रॅम ब्लीचिंग पावडर बादलीत कालवून, गाळ खाली बसू देऊन, वरची निवळी सायंकाळी उपसा थांबल्यावर विहिरीत सोडतो आणि तासभर कोणाला पाणी काढू देत नाही. पिंपळाची रोपे चातुर्मास संपताच उपटतो. गडगडीला तेल देतो. नळ असूनही रोज किमान वीस बादल्या पाणी काढले जाईल, हे पाहतो. उपसा थांबला, की झरे गाळाने बुजतात.

यंदा अक्षय तृतीयेला दोरी नातीने सोडली. ओल्या गाठी ७ भरल्या.