तांबडा दिवा आणि हलता काटा

जुन्या मोटारीच्या डॅशबोर्डवर एक लहानसा तांबडा दिवा असतो. चावी फिरवताच तो लागतो आणि इंजिन सुरू होताच विझतो. तो विझला की चालक निर्धास्त होतो. इंजिनात तेलाचा दाब आहे, एवढेच त्या दिव्याला सांगायचे असते. दाब किती आहे, हे तो सांगत नाही. बहुतेक गाड्यांत हा दाब दर चौरस इंचास पाच-सात पौंडांपर्यंत उतरला, तरच दिवा पेटतो. रस्त्यावर धावणाऱ्या इंजिनाला मात्र त्याच्या कितीतरी पट दाब लागतो. म्हणजे दाब निम्म्यावर आला, पावावर आला, तरी दिवा गप्पच राहतो. आणि तो बोलू लागतो, तेव्हा बहुधा वेळ निघून गेलेली असते.

हा दाब कशासाठी हवा? इंजिनातील क्रँकशाफ्ट मिनिटाला हजारो फेरे घेतो. तो ज्या बेअरिंगांत फिरतो, त्यांच्याशी त्याचा प्रत्यक्ष स्पर्श होऊ नये, म्हणून दोहोंमध्ये तेलाचा एक थर असतो. तो केसाहूनही पातळ. पण सगळा भार तोच पेलतो. पंप खालच्या चेंबरमधून तेल ओढतो आणि फिल्टरमधून गाळून बेअरिंगांपर्यंत पोहोचवतो. वर्षानुवर्षांच्या झिजेने बेअरिंगांतील फट रुंदावते, तेल त्या फटीतून भराभर निसटते आणि दाब उतरू लागतो. ही उतरण इतकी संथ असते, की रोज गाडी चालवणाऱ्याच्याही ती लक्षात येत नाही. शेवटी एके दिवशी इंजिन खडखडते आणि जाम होते.

मुंबईच्या कुर्ल्यात तयार होणारी प्रीमियर पद्मिनी ही अशीच एक जुनी गाडी. तिचे मूळ इटलीच्या फियाट कंपनीच्या मोटारीत होते आणि इंजिन १०८९ घन सेंटिमीटरचे. काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपाने तिने मुंबईतील असंख्य कुटुंबांची चूल पेटती ठेवली. वयोमर्यादा भरल्यामुळे २०२३ च्या ऑक्टोबरअखेर ती टॅक्सी म्हणून रस्त्यावरून निवृत्त झाली. कोलकात्याजवळच्या उत्तरपाड्यात तयार होणाऱ्या अँबॅसडरचे उत्पादनही २०१४ साली थांबले. तरीही अशा काही गाड्या अजून कोणाच्या तरी अंगणात आहेत. कोणी वडिलांची आठवण म्हणून गाडी जपली आहे, तर कोणाला दुसरी घेणे परवडत नाही. इंजिन गेले तर अशा माणसाचे केवळ वाहन जात नाही. साठवलेले पैसेही जातात आणि कधीकधी घरातली शेवटची खूणही पुसली जाते. म्हणूनच जाणता मालक कधीतरी मेकॅनिककडे जाऊन म्हणतो, "या गाडीला तेलाच्या दाबाचे मीटर बसवून द्या."

काम तसे मोठे नाही. मात्र ते निगुतीने करावे लागते. इंजिन थंड असताना बॅटरीची तार काढायची. इंजिनाच्या अंगावर दिव्याची कळ बसवलेली असते, ती सोडवायची आणि त्या जागी टी आकाराचा जोड लावायचा. जोडाच्या एका तोंडाला जुनी कळ, दुसऱ्याला मीटरची जोडणी. दिवा काढून टाकायचा नाही; मीटर आले तरी तो हवाच. काट्यावरून नजर हटली असेल, तेव्हा डोळ्यांना खेचून घेणारा तोच असतो. जोडाचे आटे कळीच्या आट्यांशी तंतोतंत जुळले पाहिजेत. न जुळणारे आटे पान्याच्या जोरावर आवळले, तर इंजिनाच्या अंगालाच इजा होते.

मीटर दोन प्रकारचे असते. एकात तेलच बारीक नळीतून मीटरपर्यंत येते. आतील वाकवलेली पोकळ नळी दाबाने सरळ होऊ पाहते आणि काटा हलवते. युजीन बूर्दाँ या फ्रेंच कारागिराने १८४९ साली या युक्तीचे पेटंट घेतले होते; आजही ती तशीच चालते. ही नळी तापलेल्या एक्झॉस्टपासून दूर न्यावी लागते. पत्र्यातून जाते तेथे तिला रबरी कडे घालावे लागते. नाहीतर ती घासून फुटते आणि गरम तेल चालकाच्या पायांवर येते. दुसऱ्या प्रकारात फक्त तार आत येते. तेथे तेलाची भीती नाही. पण अर्थिंग सैल राहिले, तर काटा खोटे सांगतो.

मीटर बसले, की खरी परीक्षा सुरू होते ती मालकाची. सकाळी थंड इंजिनात तेल घट्ट असते, त्यामुळे काटा वर चढतो आणि मन सुखावते. तासभर गाडी चालली, की तेल पातळ होते आणि चौकात उभ्या गाडीत काटा खाली येतो. पहिल्या दिवशी मालकाच्या छातीत धस्स होते. पुढे त्याला उमगते, की काट्याचे हे चढणे-उतरणे स्वाभाविक आहे. एका दिवसाच्या आकड्यापेक्षा महत्त्वाची असते ती तापलेल्या इंजिनाची रोजची सवय. ती सवय बदलली, म्हणजे त्याच वेगाला पूर्वीपेक्षा दाब कमी दिसू लागला, तर समजावे, की गाडी काही सांगत आहे. मग तेलाची पट्टी काढून पातळी पाहावी आणि जाणकाराला दाखवावे.

काही जण येथे एक पळवाट काढतात. इंजिनात अधिक घट्ट तेल ओततात. काटा वर जातो, गाडी विकली जाते आणि झीज मात्र तशीच राहते. मीटरचा काही दोष नसतो. त्याने दाब सांगितला, तो खराच होता. त्या आकड्याचा उपयोग सत्य पाहण्यासाठी करायचा की झाकण्यासाठी, हे माणसाने ठरवायचे असते.

मीटरने इंजिन सुधारत नाही. बेअरिंगांची झीज ते भरून काढत नाही आणि गाडीचे वयही कमी करत नाही. ते फक्त अवधी देते. इंजिन आता उघडावे की आणखी सहा महिने पैसे साठवावेत, लांबचा प्रवास करावा की टाळावा, हे ठरवायला लागणारा अवधी. तांबडा दिवा संकट आल्याचे कळवतो. काटा संकटाची वाट दाखवतो. ज्याच्याजवळ पैसा थोडा आहे, त्याला तर हा अवधी फार मोलाचा वाटतो. कारण वेळेवर बदललेले बेअरिंग त्याला परवडते, जाम झालेले इंजिन परवडत नाही.